ओझ्याखालून दिसलेली जमीन

कामीय पिसारोच्या या चित्रात घडत काहीच नाही. हिवाळ्यातली सकाळ आहे. रात्रीचं दव शेतावर गोठून पांढुरकं झालं आहे आणि शेतामधून चढत गेलेल्या वाटेवर एक माणूस पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन, काठी टेकत चालला आहे. एवढंच. चित्र 1873 सालचं. नाव ‘झले ब्लांश’, आपण ‘गोठलेलं दव’ म्हणू. नावापुढे जागाही सांगितली आहे: एन्रीचा जुना रस्ता, पोन्त्वाझ. कॅनव्हास 65 सेंटिमीटर उंच आणि 93 सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरातल्या भिंतीवर सहज मावेल असा. आज तो पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयात आहे.

इंप्रेशनिस्ट चित्रकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं, होड्या येतात, छत्री घेतलेल्या बायका, कॅफे, नाचाचे हॉल, रविवारची सुट्टी येते. कष्ट करणारा माणूस त्या जगात कमी दिसतो. पिसारो मात्र जन्मभर त्याच माणसाकडे पाहत राहिला. बटाटे काढणाऱ्या, सफरचंदं उतरवणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या, बाजारात कोबी विकणाऱ्या बाया त्याच्या चित्रांतून सतत भेटतात. या साऱ्या चित्रांमध्ये ‘गोठलेलं दव’ मला सर्वांत थोर वाटतं, आणि गंमत अशी की यात काम करणारा माणूस सर्वांत लहान आहे.

चित्रासमोर उभं राहिलं की आधी जाणवते ती जमीन. क्षितिज चांगलंच वर सरकवलेलं आहे. आकाशाच्या वाट्याला वरचा एक फिकट निळा, ढगाळ पट्टा आला आहे, आणि बाकी सगळी माती. सतराव्या शतकातल्या डच निसर्गचित्रकारांनी याच्या उलट रीत पाडली होती. क्षितिज खाली दाबायचं, जमिनीची चिंचोळी पट्टी ठेवायची आणि वर ढगांचा प्रचंड डोलारा उभा करायचा. त्या चित्रांसमोर आपली मान आपोआप वर होते. इथे ती खाली झुकते. नजर पायाशी सुरू होते आणि नांगराच्या तासांवरून घसरत, अडखळत वर चढते. वर पोचेपर्यंत आपण शेतातून चालून आलेलो असतो.

ही मान खाली घालायला लावणं हे या चित्राचं मर्म आहे असं मला वाटतं. त्या वाटेवरच्या माणसाकडे पाहा. ओझं पाठीवर आहे. पाठीवर ओझं घेतलेला माणूस कमरेत वाकतो, भार पुढे तोलून धरतो, आणि चढ असेल तर जास्तच वाकतो. त्याची नजर पुढच्या चार हात जमिनीवर खिळलेली असते. आपल्याकडे मोळी डोक्यावर असते. चुंबळीवर मोळी ठेवून डोंगर उतरणाऱ्या बाईची मान ताठ असते, डोळे समोर असतात. खाली बघायची सोयच नसते, वाट पायांनी चाचपावी लागते. दोन्ही ओझीच, पण डोक्यावरचं ओझं माणसाला दूरचं दाखवतं आणि पाठीवरचं जवळचं. फ्रान्सच्या या माणसाला आकाश दिसत नाही. त्याला दिसतात ढेकळं, तासं, वाटेवरचं पांढरं दव, सावल्यांचे पट्टे. चित्रात नेमकं तेच आहे. पिसारोने माणूस लहान काढला, पण शेत मात्र त्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहिलं. क्षितिज वर गेलं आहे ते पाहणाऱ्याची मान खाली आहे म्हणून.

हे पिसारोने ठरवून केलं का, याला पुरावा नाही आणि मला तो शोधायचाही नाही. चित्रकार जमिनीत इतका गढून जातो तेव्हा त्याची नजर तिथे राबणाऱ्याच्या नजरेला जाऊन मिळते. त्यासाठी वेगळा हेतू लागत नाही.

आता सावल्या. शेताची तासं एका दिशेने तिरपी गेली आहेत, पिवळट, तांबूस, मधूनच हिरवट. हिरवं आहे तिथे थंडीच्या आधी पेरलेल्या गव्हाचे कोवळे कोंब असावेत. या पट्ट्यांवरून दुसऱ्याच तिरप्या दिशेने लांबलचक निळसर सावल्या पडल्या आहेत. ओळीने उभ्या असलेल्या उंच झाडांच्या सावल्या. बहुधा पॉपलरच्या, कारण त्या भागात रस्त्याकडेला पॉपलर लावत. पण झाडं चित्रात नाहीत. कुठेच नाहीत. खोड नाही, फांदी नाही, नुसती सावली येऊन पडली आहे. तासांची आणि सावल्यांची अशी एकमेकींना छेदणारी वीण साऱ्या जमिनीवर पसरली आहे.

1874 सालच्या एप्रिलमध्ये हे चित्र पॅरिसमध्ये लोकांसमोर आलं तेव्हा समीक्षक कास्तान्यारीला ही गोष्ट खटकली. तो इंप्रेशनिस्टांचा शत्रू नव्हता. पिसारोच्या कामातला संयम आणि ताकद त्याला कळत होती. तरी त्याने बजावलं की चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या चौकटीत आणणं ही गंभीर चूक आहे, कारण ती झाडं कशी असतील याचा तर्क बिचाऱ्या प्रेक्षकाने करत बसायचा. कोबीच्या वाफ्यांची आवड असल्याबद्दलही त्याने पिसारोला बोल लावला.

कास्तान्यारीचा आक्षेप मला मोलाचा वाटतो, कारण त्याने बोट अचूक जागेवर ठेवलं. निष्कर्ष तेवढा उलटा काढला. झाडं दाखवली असती तर काय झालं असतं? झाडांची सुंदर रांग, तिच्या सावल्या, असं ते झाडांचं चित्र झालं असतं. उभ्या खोडांनी नजर पकडून वर नेली असती. झाडं काढून टाकल्यामुळे सावली झाडाची राहिली नाही, ती जमिनीची झाली, जमिनीचाच एक रंग झाली. शिवाय आपण कुठे उभे आहोत तेही कळलं. सूर्य आपल्या मागे किंवा बगलेला कुठेतरी खाली आहे, आणि ती झाडं आपल्याच आसपास आहेत. तर्क करावा लागतो हे खरंच. पण तो तर्क करताना आपण चित्राबाहेर उभे न राहता त्या बांधावर जाऊन उभे राहतो.

आणि सावली आहे म्हणून तर दव आहे. थंडीत शेतावर जो फिरला असेल त्याला हे ठाऊक असतं. कोवळं ऊन जिथे पोचतं तिथलं गोठलेलं दव आधी वितळतं, माती ओली होऊन रंगाने गडद होते. सावलीतलं दव मात्र तसंच पांढरं राहतं. त्यामुळे अशा सकाळी सावल्या काळ्या दिसतच नाहीत. त्या शेतावर आखलेल्या पांढुरक्या, थंड पट्ट्यांसारख्या दिसतात, आणि त्यांच्यावर उघड्या आकाशाचा निळा प्रकाश पडलेला असल्याने त्या निळ्या होतात. चित्रशाळेत बसून सावली तपकिरीत काळा घालून रंगवायला शिकलेल्या त्या काळच्या चित्रकाराला हे दिसलं नसतं. दिसलं असतं तरी त्याने ते खोटं मानलं असतं. पिसारोने ते जसंच्या तसं घेतलं. उन्हाचे पट्टे उबदार पिवळे-तांबूस, सावलीचे पट्टे गार निळे-हिरवे. ऊन आणि गारठा यांची सीमारेषा अशी चित्रभर पसरली आहे. तुम्ही तिच्यावर बोट ठेवू शकाल, इतकी ती स्पष्ट आहे.

अशी सकाळ टिकते किती? सूर्य वर आला की सावल्या सरकतात, आखडतात, आणि दव जातं. एवढ्या वेळात असं चित्र पुरं होत नाही. म्हणजे चित्रकाराने पुनःपुन्हा तशाच सकाळी तिथे यायचं, किंवा सावल्यांच्या जागा पक्क्या करून बाकीचं स्मरणाने आणि समजुतीने पुरं करायचं. इंप्रेशनिस्टांनी एका बैठकीत पटापट रंग फासले, ही लोकप्रिय समजूत या चित्रासमोर टिकत नाही. इथली बांधणी एखाद्या गवंड्याच्या कामासारखी जाड आणि पक्की आहे.

जरा जवळ जाऊ. वाटेच्या कडेचा हातभर भाग घेऊ. लांबून ती ‘दव पडलेली माती’ आहे. जवळून ते रंगाचे आखूड, जाड, कोरडे फटकारे आहेत. खालचा पिवळट थर थोडा सुकल्यावर त्यावरून पांढऱ्यात मिसळलेला निळा, करडा, गुलाबीसर रंग ओढला आहे. ब्रश भरलेला असला तरी तेल कमी असल्याने रंग सगळीकडे सारखा बसत नाही. थराच्या उंचवट्यांवर तो अडकतो आणि खाचांमधून खालचा रंग डोकावत राहतो. खरं दवही असंच बसतं. ते ढेकळाच्या माथ्यावर, गवताच्या कडेवर, वाळक्या काडीवर धरतं आणि भेगांमधून माती दिसत राहते. पिसारोने दवाचं चित्र काढलं असं म्हणण्यापेक्षा, दव मातीवर जसं बसतं तसा रंग रंगावर बसू दिला असं म्हणणं जास्त बरोबर. पुस्तकातल्या गुळगुळीत छपाईत हे सारं सपाट होतं आणि चित्र नुसतंच फिकट दिसतं. ज्यांनी ते छापील पानावरच पाहिलं आहे त्यांना ते थोडं निर्जीव वाटलं तर त्यात त्यांचा दोष नाही.

याच रंगलेपणाने इंप्रेशनिस्टांच्या त्या पहिल्या प्रदर्शनात सगळ्यात मोठी थट्टा ओढवून घेतली. स्थळ होतं बुलव्हार दे काप्युसीनवरचा छायाचित्रकार नादारचा जुना स्टुडिओ. 15 एप्रिल 1874 ला प्रदर्शन उघडलं आणि महिनाभर चाललं. मोने, रन्वार, देगा, सेझान, बर्थ मोरिझो अशी तीसेक मंडळी त्यात होती. पिसारोची पाच चित्रं होती, त्यातलं हे एक. ‘ल शारिव्हारी’ या विनोदी पत्रात लुई लरुआने या प्रदर्शनावर एक लेख लिहिला. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून त्याने या साऱ्यांना ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या लेखातला जुन्या वळणाचा म्हातारा चित्रकार पिसारोच्या या शेतासमोर येतो तेव्हा त्याला वाटतं की आपला चष्माच मळला आहे. तो चष्मा काढून पुसतो, पुन्हा लावतो. सोबतीचा माणूस त्याला तासं दाखवतो, दव दाखवतो. म्हातारा उसळतो: ही तासं? हे तर पॅलेट खरवडून मळक्या कॅनव्हासवर सारखं पसरून दिलेलं आहे, ह्याला ना शेंडा ना बुडखा!

लरुआने हे हसण्यासाठी लिहिलं, पण त्याच्या पात्राला दिसलं ते खरं होतं. रंग खरवडल्यासारखा आहे, आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला आहे. शेंडा-बुडखा नाही, कारण या चित्रात मुख्य आणि गौण अशी वाटणीच नाही. अकादमीच्या चित्रशाळेचा नियम असा की महत्त्वाची आकृती घोटून, नीट उजळून काढायची आणि बाकीचं मोघम सोडायचं. पिसारोने मोळीवाल्याचा चेहरा दिलेला नाही. त्याचा सदरा, त्याचं ओझं, त्याची काठी हे ज्या जाडीच्या, ज्या लांबीच्या फटकाऱ्यांनी काढलं आहे, त्याच फटकाऱ्यांनी शेजारचं ढेकूळ काढलं आहे. कपड्यांचे रंगही वाटेच्या आणि सावल्यांच्या रंगांतूनच उचललेले आहेत. आधी आपल्याला शेत दिसतं, मग त्यात हलणारा माणूस. खऱ्या शेतातही लांबचा माणूस असाच सापडतो, हालचालीवरून.

पिसारोची पुढची राजकीय मतं माहीत असल्याने अनेक जण इथेच त्याला समतेचा चित्रकार ठरवून मोकळे होतात. तो पुढे अराजकवादी विचारांकडे झुकला, क्रोपोत्किन वाचायचा, हे खरं आहे. पण ती मतं ओढून आणून या चित्रावर चिकटवली की चित्र घोषणा होतं. 1873 च्या या कॅनव्हासवर त्याला चिंता होती ती ऊन कुठे संपतं याची.

त्याचं आयुष्य थोडक्यात सांगायला हवं, कारण या चित्राला ते लागतं. पिसारोचा जन्म 10 जुलै 1830 चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, घर ज्यू व्यापाऱ्याचं. म्हणजे दव गोठतं म्हणजे काय हे ज्याला जन्माने माहीत नव्हतं अशा माणसाने हे चित्र काढलं. काही वर्षं पॅरिसजवळ शाळेत, मग बेटावर बापाच्या दुकानात, मग दुकान सोडून व्हेनेझुएलात चित्रं काढत, आणि 1855 पासून फ्रान्समध्ये. कोरोसारख्या ज्येष्ठ चित्रकाराने त्याला सल्ला दिला. पॅरिसच्या सलों या अधिकृत प्रदर्शनाच्या सूचीत त्याने काही वर्षं आपल्या नावापुढे कोरोचा शिष्य असं लिहिलंही. पण कोरोचा चंदेरी धूसरपणा त्याच्या हाताला मानवला नाही. त्याचा हात जड होता, मातीचा होता. झ्युली व्हेले ही त्याच्या आईकडे घरकाम करणारी मुलगी, बरगंडीकडच्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या घरातली. तिच्याबरोबर त्याने संसार मांडला. लग्न नोंदलं गेलं ते 1871 मध्ये, लंडनजवळ क्रॉयडनला, फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धातून पळून गेल्यावर. परत आल्यावर कळलं की लुव्हसिएनच्या घरात प्रशियन सैनिक राहून गेले आणि इतक्या वर्षांची बहुतेक सारी चित्रं नासली, हरवली. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. 1872 मध्ये तो पोन्त्वाझला जाऊन राहिला आणि पुन्हा सुरुवात केली. पोन्त्वाझ म्हणजे पॅरिसच्या वायव्येला वाझ नदीवरचं गाव, पॅरिसला भाजीपाला पुरवणारं, भोवती टेकड्या आणि शेतं. तिथेच सेझान त्याच्यासोबत काम करायला आला आणि त्याच्याकडून धीराने निसर्गासमोर बसायला शिकला.

एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. या चित्रकारांनी प्रदर्शनासाठी सहकारी मंडळी काढायची ठरवली तेव्हा पिसारोने नमुना म्हणून पोन्त्वाझच्या पाववाल्यांच्या संघटनेची नियमावली पुढे केली होती. रन्वारला ती मानवली नाही. पण पिसारोला आपलं काम पाववाल्याच्या कामाच्या शेजारी ठेवावंसं वाटलं, यात त्याचा सगळा स्वभाव आहे.

आणि प्रदर्शन उघडायच्या नऊ दिवस आधी त्याची आठ वर्षांची मुलगी झान, घरातली मिनेत, गेली. तिची त्याने काढलेली चित्रं आहेत. आजारी, मोठ्या डोळ्यांची. लरुआची थट्टा छापून आली ती त्या महिन्यात.

मोळीवाला हा विषय पिसारोचा शोध नाही. त्याच्या आधी झाँ-फ्रान्स्वा मिलेने तो हाताळला होता आणि फार जोरकसपणे. मिलेचं ‘मृत्यू आणि लाकूडतोड्या’ हे चित्र 1859 च्या सलोंने नाकारलं होतं. आता ते कोपनहेगनला आहे. ला फोंतेनच्या कथेतला थकलेला म्हातारा मोळीपाशी कोसळला आहे आणि मृत्यू त्याला न्यायला आला आहे. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरातला. त्याला त्या पाठीचं दुखणं ठाऊक होतं आणि त्याच्या चित्रांत ते दुखणं दगडासारखं जड होऊन येतं. त्याच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ बायका किंवा ‘अँजेलस’मधलं प्रार्थना करणारं जोडपं पाहताना आपण गप्प होतो. पण मिलेचा शेतकरी नेहमी स्वतःपेक्षा मोठ्या कशाचं तरी रूप असतो: दारिद्र्याचं, श्रद्धेचं, शापाचं. त्याच्या पाठीवर लाकडांखेरीज अर्थाचंही ओझं असतं.

लोक पिसारोला मिलेच्या पंगतीला बसवत आणि त्याला ते पटत नसे. मिले बायबलच्या वळणाचा आहे आणि ज्यू असलेल्या आपल्यात ते वळण फारसं नाही, असं त्याने एका पत्रात लिहिलं होतं. ‘गोठलेलं दव’ हे त्याचं उत्तरच आहे. मोळी आहे, चढ आहे, थंडी आहे, वाकलेली पाठ आहे, मिलेच्या चित्राचं सगळं सामान आहे. मृत्यू नाही. प्रार्थना नाही. हा माणूस लाकडं घेऊन चालला आहे, आणि थोड्या वेळाने पोचेल. ती लाकडं चुलीत जातील. त्याच्याबद्दल कणव वाटावी अशी व्यवस्था चित्रकाराने केलेली नाही, आणि मला वाटतं हा त्या माणसाचा मोठा मान आहे. दिसेल त्या कष्टकऱ्याला दुःखाचा पुतळा करून ठेवायची खोड आपल्या चित्रांनाही आहे आणि लेखणीलाही. पिसारो तसं करत नाही. तो त्याला सकाळ देतो, तिच्या गारठ्यासकट.

शिवाय या चित्रात काम फक्त मोळीवाला करत नाही. तासं पाहा. ती कुणीतरी पाडली आहेत. बैल किंवा घोडे जुंपून, नांगराचा रुमणा दाबून धरत, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. एकेक तास म्हणजे चाललेलं एकेक अंतर. थंड प्रदेशात नांगरट हिवाळ्याआधी करून ठेवतात. पाणी गोठून फुगतं आणि ढेकूळ आतून फुटतं, वसंतात माती भुसभुशीत मिळते. आपल्याकडे उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू देतात, तिथे हे काम थंडी करते. म्हणजे शेतावरचं ते पांढरं दव नुसतं देखणं नाही, शेतकऱ्याच्या हिशेबात तेही राबतं आहे. एवढ्या मोठ्या जमिनीवर माणूस एकच दिसतो, पण हातभर जागा अशी नाही की जिला माणसाचा हात लागलेला नाही. वाटही पायांनीच पडली आहे. म्हणून चित्रातला माणूस लहान असूनही चित्र माणसांनी भरलेलं वाटतं. निर्जन निसर्ग रंगवणं पिसारोला कधी फारसं जमलं नाही, आणि ते बरंच झालं.

उणं काय, तर आकाश. ते वाईट नाही, पण जमिनीच्या तोलाचंही नाही. मोनेने अशा सकाळचं आकाश उचलून धरलं असतं. पिसारोने ते नीट सांभाळून, सौम्य ठेवून सोडलं आहे. दूरच्या झाडांकडेही त्याचं मन फारसं नाही. त्याची सगळी आच खालच्या दोन तृतीयांशात ओतली गेली आहे. एखाद्या गायकाने अंतरा आटोपता घ्यावा आणि स्थायीतच रंगून जावं तसं होतं इथे. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण ते दिसतं.

पंधरा वर्षांनी, 1888 मध्ये, पिसारोने गोठलेल्या दवाचं आणखी एक मोठं चित्र पुरं केलं. तेही दॉर्सेमध्येच आहे. आता तो एराञी या खेड्यात राहत होता आणि तरुण चित्रकार स्युराच्या ठिपक्यांच्या पद्धतीने भारलेला होता. या चित्रात एक शेतकरी पोर शेकोटीसाठी लांब फांदी मोडते आहे, शेजारी एक मूल आगीजवळ उभं आहे, आणि धुरातून पलीकडचं कुरण थरथरतं आहे. पहिल्या चित्रात लाकडं वाटेवर होती; इथे ती पेटली आहेत. दवाच्या थंड निळ्या ठिपक्यांत जाळाचे नारिंगी ठिपके मिसळतात आणि हवा तापून हलते ते डोळ्यांना खरोखर जाणवतं. रंगाचं इतकं बारीक ज्ञान 1873 च्या पिसारोकडे नव्हतं.

तरीही पारडं मी जुन्याच चित्राच्या बाजूला झुकवीन. 1888 ची पोर मोठी आहे, चौरस कॅनव्हासभर उभी आहे, वाऱ्याने स्कर्ट उडतो आहे, फांदीचा बाक आणि धुराचा झोत तिच्याभोवती सुरेख जुळवलेले आहेत. तिला आपण पाहतो आहोत हे चित्राला ठाऊक आहे. ठिपके घालायला महिने लागत, आणि त्या महिन्यांत समोरची सकाळ हातातून निसटते, हे पिसारोलाही पुढे जाणवलं. 1890 च्या आसपास त्याने ती पद्धत सोडली. एन्रीच्या रस्त्यावरच्या चित्रात जुळवाजुळव कमी नाही, पण ती जमिनीखाली गाडलेली आहे. मोळीवाला आपल्यासाठी थांबत नाही, वळत नाही. त्याला पोचायचं आहे, आणि पिसारोने त्याचा खोळंबा केला नाही.